मानशीच्या दारापाशी

तीन वर्षं झाली, एका शब्दापाशी अडले आहे.
चिनी, दोन अक्षरांचा.
पहिलं अक्षर : नाही.
दुसरं : करणं.
आता जोडा.

'निष्क्रियता' लिहिलं
तर ओळ सरकारी फाइलीसारखी दिसू लागली.
'अकर्म' लिहिलं
तर कुरुक्षेत्राची धूळच उडाली, रथ आला, घोडे आले,
आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा माझा म्हातारा,
जो नुसता नदीकाठी बसला होता,
खोकत उठून गेला.

म्हणून जुवें बेटावर आले.
भाड्याची खोली. खाली सात शिरांच्या भेंडीचे वाफे,
त्यापलीकडे खाजन,
खाजनाला बांध, बांधाला मानस.
आमच्याकडे मानस म्हणजे मन.
इथे मानस म्हणजे नदी आणि शेत यांच्यामधलं
लाकडाचं दार.

बोस्त्यांव त्या दाराचा राखणदार.
पहिल्या दिवशी विचारलं, कधी उघडता? कधी लावता?
तो हसला. दात तीनच.
"हांव ना. आपशींच."

मग दाखवलं.
भरती चढली, नदीनं खांदा लावला,
दोन फळ्या एकमेकींना टेकल्या,
जशा देवळातून परतताना दोन म्हाताऱ्या टेकतात.
शेत कोरडं राहिलं.
ओहोटी लागली,
आतलं पाणी बाहेर निघालं
आणि जाता जाता दार ढकलून गेलं.
कडी नाही. कुलूप नाही.
चंद्र तेवढा कामावर.

मी धावत खोलीवर आले, लिहिलं : आपसूक.
खाली दोन रेघा मारल्या.
त्या रात्री जेवलेही नीट.

चौथ्या दिवशी पहाटे बोस्त्यांव
कमरेएवढ्या चिखलात.
कुर्ल्यांनी बांध पोखरला होता.
रेतीच्या बार्जची लाट रोज येऊन तीच जागा चाटते.
तो चिखलाचे गोळे उचलत होता, पेंढा कोंबत होता,
फळ्यांच्या फटी हातानं लिंपत होता,
आणि धापा टाकत होता.
मी वरून म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होता आपशींच!
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं भात शिजताना 'हे आपोआप शिजतं ना?'
विचारणाऱ्या पोराकडे पाहतात.

परवाच्या वर्षी कुणीतरी, नाव सगळ्यांना ठाऊक आहे,
मासळीच्या हावेनं रात्रभर दाराला बांबूचा टेकू दिला.
खारं पाणी आत आलं ते बसूनच राहिलं.
खारं सोसणारं कोरगुटसुद्धा पिवळं पडलं.
त्या कुणग्यांत आता तिवरं वाढलीत, बगळे येतात.
मला वाटलं बोस्त्यांव शिव्या घालील.
बांबूवाल्याला घातल्या, भरपूर.
तिवरांबद्दल मात्र म्हणाला,
"तांकांय जागो जाय न्हय?"

रात्री जुना कोश उघडला.
'करणं' या अक्षराचं सगळ्यात आधीचं रूप,
हाडावर कोरलेलं :
एक हत्ती
आणि त्याच्या सोंडेशी माणसाचा हात.

इतकी वर्षं मला वाटत होतं
'नाही' म्हणजे हात काढून घ्यायचा.
हत्ती जाईल, जाईल तिकडे.
पण संध्याकाळी मी पाहिलं होतं :
काम संपल्यावर बोस्त्यांवनं
ओल्या बांधावर पंजा मारला, दोनदा, तीनदा,
चिखल बसवायला असेल,
पण मारला असा, जसा माहूत
दिवसभर चाललेल्या जनावराला थोपटतो.
ओढत नव्हता. सोडलंही नव्हतं.

प्रकाशकांचा फोन आला. शब्द मिळाला का?
म्हटलं, आणखी एक भरती थांबा.
'आपसूक' खोडलेलं नाही. पुढे जागा सोडली आहे.
त्या जागेवर सकाळपासून
चिखलाचा एक अंगठा उमटलाय.
माझाच असावा.
मीही दोन गोळे उचलले होते.