कोरा कागद, ओला कागद

आधी नुसतं मिठाचं पाणी.
दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा, मग दहा मिनिटं गप्प.
मी घड्याळ बघते,
मल्लेशम दोंता पंख्याकडे.
शिंका शून्य. कागद कोरा.
श्वास आत ओढला की नळीतला लाल काटा एकशे तीसवर.
"काहीच होईना की," तो ओशाळून म्हणतो,
जणू आठवडाभर गोळी बंद ठेवून
परीक्षेत नापास झाला.

अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर.
"कापसाची भुकटी, मॅडम. कानात, भुवयांत, डब्यातल्या भाकरीत.
तिनंच मला मागावरनं उठवलं."

मंगळवारी कापसाचा अर्क.
काटा एकशे पंचवीस.
तो म्हणाला, परत मारा, नीट बसला नसंल.
पुन्हा मारला.
एकशे पंचवीस.
बाहेर बाकावर त्याची बायको, विडी घरकुलाहून आलेली;
पान नाही, तंबाखू नाही, तरी बोटं
हवेतच काहीतरी वळत बसलेली.

पुढच्या मंगळवारी गाजरगवताचे पराग.
चौथ्या मिनिटाला डोळे भरले.
मी रेघा मारत गेले, चार उभ्या, एक आडवी,
पुन्हा चार.
नाकी नऊ म्हणतात ते
आकड्यात पहिल्यांदा पाहिलं.
काटा साठवर येऊन थबकला.
ओला कागद वजा कोरा कागद: तीन ग्रॅम दोन दशांश.
दहा सेंटिमीटरच्या रेघेवर त्रास किती ते दाखवा म्हटलं,
तर फुली रेघेच्या पलीकडं, टेबलावर.

गवत असतं कुठं तुमच्याकडं?
"शेडमागं होतं की. खिडकी तिकडंच उघडायची.
आता बंद गिरणीत राखणदार आहे, चार वर्षं झाली.
तिथं कमरेएवढं."
मग बराच वेळ तो नाक पुसत राहिला,
नाक कोरडं झाल्यावरही.
"म्हणजे माग सोडला तो उगाच?"

ह्याला फॉर्मवर रकाना नाही.
मी टोपण लावलं, तेवढ्यात त्याला आणखी एक आली,
खोली दणाणली,
आणि दारातून बायको सवयीनं म्हणाली, "सत्य!"
म्हणाली, आणि जीभ चावली.

पंधरा मिनिटं कधीच संपली होती.
मी नऊच ठेवले.