शंभराचे छप्पन

विट्याच्या कॉलेजात, दुपारच्या तुकडीसमोर
मी आधी त्रिकोण काढते, मग त्याला चिकटून जी.
ऋण आला तर क्रिया आपसूक होते,
धन आला तर होत नाही,
शून्य आला तर पुढंही नाही, मागंही नाही.
घ्या लिहून. दोन मार्कांना येतं.

उदाहरणाला दरसाल चुनखडी.
पुस्तकात दुसरी बरीच आहेत.

एका मोलला एकशे अठ्ठ्याहत्तर किलोज्यूल
खाल्ल्याशिवाय ती फुटत नाही.
फुटली की वायू सुटतो, पसारा वाढतो,
दर केल्विनला एकशे साठ ज्यूलनं.
एककं सांभाळा पोरांनो, किलो तिकडं, साधं इकडं,
नाहीतर बर्फातच फुटेल दगड तुमचा.
भागा.
अकराशे दहाच्या मागं-पुढं येतंय का?
तेवढ्या केल्विनखाली दगड हा दगड.
त्याच्यावर पसाऱ्याचं पारडं जड.

अण्णांना हा भागाकार येत नव्हता.
दिघंचीच्या माळावर, ओढ्याकाठी त्यांची भट्टी,
थर खड्यांचा, थर बाभळीच्या कोळशाचा,
पुन्हा खड्यांचा, असा गळ्यापर्यंत.
रात्री खालच्या मोरीशी उकिडवं बसून
ते तोंडल्याचा रंग यायची वाट बघायचे,
पिकून उललेल्या तोंडल्याचा.
'आत्ता लागली,' म्हणायचे.
त्याआधी कितीबी जाळ, नुस्ता तापल्याला धोंडा.
मी पुढं रंग आणि तापमानाचे तक्ते पाहिले:
तोंडलं आठशे चाळिसाच्या जरा वरच पिकतं.

आणि वजन.
शंभर किलो खडा भरला की चुना छप्पन.
व्यापाऱ्याला हे पटायचं नाही, आईलाही नाही.
'चव्वेचाळीस गेलं कुठं ओ?'
'वाऱ्याचं हुतं, वाऱ्यानं न्हेलं.'
मी सातवीत होते. हिशेबाच्या वहीत
चव्वेचाळिसापुढं मी 'वारा' असं लिहिलं.
अण्णांनी ते पान कधी फाडलं नाही.

भाजलेल्या कळीवर पाणी टाकलं की मात्र बघायला नको.
कोळसा नको, मोरी नको,
हौद स्वतःच फुसफुसतो, उकळतो,
वास घ्यायला वाकलेल्या शेळीची दाढी भाजते.
तिथं भागाकार लागत नाही.

आज नौशीननं हात वर केला.
'मॅडम, आपसूक म्हणजे किती वेळात?'
मागच्या बाकावर दोघं-तिघं हसले.
म्हटलं, साखर हवेत जळायला कधीचीच राजी आहे,
ऋण, चांगली घसघशीत ऋण,
तरी तुझ्या आईच्या डब्यात
फक्त मुंग्यांना भिऊन बसते की नाही वर्षभर?
त्रिकोण दिशा सांगतो, नौशीन. घड्याळ त्याच्याकडं नाही.
तिनं लिहून घेतलं. समाधान दिसलं नाही.

तास सुटल्यावर टेबलाचा खण ओढला.
खडूंच्या मागं अण्णांची पितळी डबी,
पानाच्या चुन्याची. ते गेल्यावर मी आणलेली.
झाकण नीट लागत नाही, तशीच राहिली सात वर्षं.
तेव्हा तो बोटाला यायचा, लोण्यासारखा.
आज नखानं ओरखडून पाहिला.
नख मोडलं.

कुणी जाळलं नाही, कुणी ढवळलं नाही.
सात वर्षं माझ्या तासाला मुलं श्वास सोडतात,
त्यातलाच चिमूट-चिमूट फटीतून आत गेला असणार,
हजेरीला ओरडणाऱ्यांचा, डुलक्या घेणाऱ्यांचा,
गॅदरिंगच्या गाण्यांच्या याद्या करणाऱ्यांचा.
वहीतला तो वारा
उधारी फेडायला आल्यासारखा आला आणि बसला.

उद्या प्रयोगशाळेतला तराजू मागून आणीन.
डबीचं आधीचं वजन कुठं लिहिलेलं नाही,
त्यामुळं सिद्ध काहीच होणार नाही.
तरी ठेवीन पारड्यात.
नौशीनला बोलवीन.