सुई खाली ठेवून

डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले,
वाटीखालचं अस्तर झिजलंय.
मी म्हटलं, अस्तर मला कळतं, साहेब,
चाळीस वर्षं गोकुळपेठेत गणवेश शिवलेत,
खाकी, निळे, चौकड्यांचे,
ठिगळ लागतं की नाही तेवढं सांगा.
ते हसले नाहीत.
सायकल चालवा म्हणाले. हलकी.

मला वाटलं, वजनाला हलकी.

भाच्याची गिअरवाली पडून होती जिन्याखाली.
आठ दिवस मी ती नुसत्या हट्टानं चालवली,
पुढे चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर,
मागे सगळ्यात बारकीवर,
प्रत्येक पायडलावर अख्खी बाई उभी.
शेजारचे बुरडकर फाटकातून म्हणायचे,
वा, याला म्हणतात चालवणं.
त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत स्टील आहे.

नवव्या दिवशी मला खुर्चीतून उठता येईना.

गांधीबागेतला दुर्वेश पराते,
वय तेवीस, नखांत ग्रीस, आजोबा मागावर बसायचे.
काही न विचारता त्यानं सीट चार बोटं वर केली.
टाच ठेवा पायडलावर, खाली न्या.
पाय सरळ झाला? आता चवड्यानं चालवा,
गुडघ्याला जरासा बाक उरेल, तेवढाच पाहिजे.
मग मागे चौतीस दात्यांची चक्री बसवली,
ताटलीएवढी.
पुढची धाकटी सव्वीसची होतीच,
आजवर कुणी तिला हात लावला नव्हता.
पायडलचा एक फेरा, चाकाचा पाऊण.

बाप्पा, मग मी पोचणार कधी?

तुम्हाले कोणती ऑर्डर द्याची हाय आता, काकू?
दाबू नका. फिरवा.

दाबू नका, फिरवा.
हे मीच सांगायचे शिकायला आलेल्या पोरींना.
पायपट्टीवर नाचू नका गं,
पाऊल हलतं ठेवा, मशीन आपोआप पळते.
खाकीचे चार पदर जिथे एकत्र येतात
तिथे त्या हटकून जोर करायच्या
आणि टक्कन सुई मोडायची.
तेव्हा मी ओरडायचे.
माझ्या गुडघ्यावर कुणी ओरडलं नाही इतकी वर्षं.

मे महिना. पाच वाजता निघावं लागतं,
सात वाजता रस्ता तव्यासारखा.
फुटाळ्याच्या काठावर पोहेवाला शेगडी पेटवतोय,
तर्रीचा वास अजून कच्चा.
मी घड्याळ बघत मोजते,
पंधरा सेकंदांत वीस फेरे.
अठरा भरले तर एक गिअर हलका.
पंचवीस झाले आणि बूड सीटवर उडायला लागलं
तर एक जड.
बाकी काही मोजत नाही,
किलोमीटर तर मुळीच नाही.

सेमिनरी हिल्सचा चढ दिसतो, लागलेला नसतो अजून,
तेव्हाच बदलायचं.
चढात अडकल्यावर बदलू गेलं की
चेन कडकड करते, वाटीत सुरी फिरते.
कोपरा आला की आपण काय करतो?
सुई कापडात खाली ठेवतो,
पाऊल सैल सोडतो,
दाबपट्टी उचलतो, कापड वळवतो,
मग पुन्हा पाऊल.
तसंच. पायावरचा भार क्षणभर काढून घ्यायचा,
खटका दाबायचा,
चेन ताटलीवर चढल्याचं कानाला कळतं.

पोट्टे बाजूनं जातात, उभ्यानं, हापसत,
एकजण ओरडला, आजी, उतरून ढकला, लवकर जाल!
खरं आहे, त्याच्या सावलीलासुद्धा मी गाठू शकले नसते.
माझे पाय गरगर फिरत होते
आणि झाडं जागची हलत नव्हती.
तरी वळणावर तो थांबलेला दिसला,
कमरेवर हात, तोंड उघडं.
थांबायचं माझ्या मनात होतं,
बाटली देता आली असती,
पण लय तुटली असती. गेले पुढे.
वर पोचल्यावर वाईट वाटलं थोडं.

उतारावर काही करावं लागत नाही,
तरी मी पाय रिकामे फिरवत ठेवते,
दोरा नसलेल्या मशीनसारखे.

साडेसहाला घरी. सायकल जिन्याखाली.
तिसरा मजला. बेचाळीस पायऱ्या.
इथे दुर्वेशची ताटली चालत नाही.
आधी चांगला पाय वर, मग दुखरा त्याच्या शेजारी,
पायरीवर दोन्ही पावलं जोडीनं,
कठडा धरून.
बुरडकर वरून विचारतात, किती झालं आज?

वीस, मी म्हणते.
त्यांना वाटतं किलोमीटर.