अष्टकोन

मार्चमध्ये शाळा उघडली की पहिला आठवडा माझा.
काटा, उंचीची पट्टी, तक्ता, टोक केलेल्या दोन पेन्सिली.
पुंता अरेनासचा वारा खिडकीच्या फटीतून
तक्त्याची पानं उलटत बसतो,
त्यालाही बघायचं असतं कुणाचं किती भरलं.

यास्ना बार्रिया, तिसरी ब.
बूट काढले. जाकीट काढलं.
मग केसांतली क्लिपही काढली
आणि काट्यावर श्वास रोखून उभी राहिली,
मी हवाही मोजेन म्हणून.

आकडा लाल रेघेच्या पलीकडे गेला.
आईला चिठ्ठी धाडली, दरवर्षीचीच, नाव तेवढं बदलून:
साखर कमी करा. रोज तासभर मैदानावर खेळू द्या.

उत्तर आलं नाही, आईच आली.
नोल्फा. रात्रपाळी संपवून थेट,
बोटांच्या भेगांत सामन माशाचा वास.
म्हणाली, रात्रीला किती मासे सोलते, मोजत नाही मी.
एकही माझ्या घरी येत नाही.
ज्यांच्या ताटात जातात त्यांची भाषाही मला येत नाही.
आम्हाला परवडतं पाकिटातलं सॉसेज.
फळं उत्तरेहून ट्रकने येतात, वाटेत दुसरा देश लागतो,
एका सफरचंदाच्या पैशांत आमचे चार पाव.
आणि मैदान? त्याला कुलूप आहे, बाई.
जूनमध्ये साडेपाचला अंधार, मी कामाला निघालेली,
ही आणि टीव्ही एकमेकांना सांभाळतात.

दाराशी थांबली.
जन्मली तेव्हा दीड किलोची होती.
काचेच्या पेटीतून बघायचे तिला.
अंगाला काहीतरी लागू दे,
एवढंच मागितलं होतं मी.

मी तक्ता मिटला. त्यात ह्यासाठी रकाना नव्हता.

आमच्या देशात पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात:
साखर जास्त. मीठ जास्त. चरबी जास्त.
कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे.
पण एप्रिलमध्ये उलिसेसने एक अष्टकोन कापला
आणि यास्नाच्या पाठीवर चिकटवला.
पूर्ण मधली सुट्टी ती तो घेऊन फिरली.
मी सोडवला, कचऱ्यात टाकायला निघाले,
तर तिने हात पुढे केला. माझा आहे, म्हणाली.

पुढच्या आठवड्यापासून ते उगवू लागले.
काळा कार्डबोर्ड, पांढरा खडू, अक्षर तिचंच.
शाळेच्या फाटकासमोर ओळीने तीन टपऱ्या, त्यांवर:
चॉकलेटं जास्त.
बसथांब्यावरच्या हसऱ्या बाटलीवर:
दात जास्त.
सामनच्या कारखान्याच्या भिंतीवर, थोडा तिरका:
रात्री जास्त.
मैदानाच्या फाटकावर:
कुलूप जास्त.
आणि एका सकाळी माझ्या फायलीवर:
चिठ्ठ्या जास्त.

मला राग आला. खोटं का सांगू, चांगले दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेले.
किल्ली ओयारसून नावाच्या गृहस्थांकडे,
त्यांनी ती कुणाला दिली ते त्यांना आठवेना.
पाच खेपा झाल्या. सहाव्या वेळी मी अष्टकोनच नेला,
त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाही.

आता बुधवारी आणि शुक्रवारी मैदान उघडतं.
स्वयंपाकघरात मसुराची आमटी शिजते, कधी करपते.
एक टपरीवाली केळी ठेवते, बाकीच्या दोघी नाही ठेवत.
एवढंच झालं आहे. ह्याहून जास्त लिहिलं
तर माझ्यावरही एक चिकटेल.

इथला वारा सुटतो तेव्हा
रस्त्यांत धरायला दोर बांधतात.
मैदानावर दोर नाही.
परवा बारकी पोरं भेलकांडली आणि धावत येऊन
यास्नाच्या बाहीला लोंबकळली, उलिसेसही.
ती पाय रोवून उभी, वाऱ्यावर रेललेली,
आणि मोठ्याने हसत होती.

ह्या मार्चचा आकडा मी सांगणार नाही,
तो तिचा आहे.
बूट काढले, जाकीट काढलं.
क्लिप केसांतच होती.