चिंच म्हणा

अजनीकडल्या रेल्वे क्वार्टरांच्या मागे
एक चिंच आहे, म्हातारी, एका अंगानं पोकळ.
तिच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी.
मे महिना. सकाळी नऊलाच डांबर मऊ.
मी स्कूटी लांब लावते, तोंडाला दुपट्टा,
कॅमेरा पिशवीत, कॅमेऱ्यावर कोथिंबीर.
कुणी विचारलंच तर भाजीला आले होते.

झनक उईके, क्वार्टरांचा चौकीदार,
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"मॅडम, किती येळ पाहता हो त्याले?
थो बी तुमालेच पाहून राह्यला तवापासून.
झोपाची येळ हाय त्याची."
घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं.
पिंगळा मान खालीवर करत होता
आणि मला ते गोड वाटत होतं.
घाबरला की तो तसं करतो,
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
पुस्तक घरी होतं.

सहा वर्षांपूर्वी, कोराडीकडच्या बंद खदानीत
आम्ही तिघं,
आणि कपारीत शृंगी घुबडाची मादी.
वैरागडेनं मोबाइलवर नराचा आवाज लावला.
दगडांनी तो दुप्पट करून परत दिला.
खरा नर आला.
नसलेल्या शत्रूशी भांडायला
पुन्हा आला, पुन्हा आला,
मादीसाठी धरलेला उंदीर पायातच.
आम्ही फ्लॅश मारले. मोजले नाहीत.
पुढच्या रविवारी कपारीत दोन अंडी,
उन्हात, उघडी.
वैरागडे म्हणाला, कोल्ह्यानं उठवली असेल तिला.
मी हो म्हटलं.
कोल्हा अंडी ठेवून जातो का,
हे विचारलं नाही.

फोटोला बक्षीस मिळालं.
डोळे संत्र्याच्या रंगाचे, असं पेपरात आलं,
नागपूरच्या पेपरात आणखी काय येणार.
सासूबाईंनी तो हॉलमध्ये लावू दिला नाही,
म्हणाल्या, घरात अवदसा नको.
त्यांच्या अडाणीपणावर मी तेव्हा हसले होते.
त्यांनी अवदसा नुसती म्हटली,
मी ती उचलून
कुणाच्या तरी घरात नेऊन ठेवली होती.
आता तो फोटो कूलरमागच्या भिंतीवर आहे,
वाळ्याच्या ताट्यांच्या ओलीनं एक कड फुगलेली.
जवळ जाऊन पाहिलं तर
त्या बुबुळात तीन पांढरे ठिपके.
आम्ही तिघं.

झनक सांगतो, दिवाळीच्या अवसेआधी
मोटरसायकलवर दोघं आले होते.
घुबड हाय का इथं? पंधरा हजार देतो.
"म्या म्हटलं, रेल्वेची जागा हाय बाप्पा,
इथं नुसते साहेब राह्यतात."
सांगताना तो हसला नाही.
पंधरा हजार म्हणजे त्याचा दीड महिना.
मला एका लेन्सच्या झाकणाची किंमत आठवली
आणि मी पिशवीचं तोंड आवळलं.

परवा वैरागडेचा मेसेज:
पिंगळ्यांची पिल्लं म्हणे! लोकेशन टाक ना.
खाली हात जोडलेले, दोनदा.
आणि मी उत्तर टाइप करताना
माझ्याच फोनवर माझा अंगठा पाहत होते,
कसा सवयीनं नकाशाकडे सरकतो.
मी लिहिलं, उडून गेले.
तो म्हणाला, पिल्लं?

तेव्हा आता तुम्हालाही सांगून टाकते,
वर वाचलीत ती चिंच नाही.
चिंच म्हणा, चालेल.
अजनी नाही. झनकचं नाव झनक नाही,
त्याची परवानगी घेऊन बदललंय.
पिंगळेच आहेत असंही धरू नका.
ऊन खरं आहे.
चाळीस मिनिटं खरी आहेत.
कोथिंबीर खरी आहे, फ्रिजमध्ये चार जुड्या
पिवळ्या पडत चालल्यात.

आणि खदान खरी आहे.
कोराडी रोडनं जा, विटांच्या भट्ट्या संपल्या की
डावीकडे कच्चा रस्ता, मग चालत.
कपार डोक्याच्या उंचीवर, सहज हात पोचतो.
तिचा पत्ता द्यायला हरकत नाही.
तिथे आता कुणी राहत नाही.