ळ कुठे उगवतो

मखमलाबादच्या पाटाकडेला आमची अंगणवाडी.
पत्र्याची खोली, फुटक्या कडांच्या पाट्या,
सगळ्यांनाच दोनशे ग्रॅम जास्त देणारा वजनकाटा,
आणि भिंतीवर तक्ता: अ अननसाचा.

अननस कुणीच पाहिला नव्हता.
मी तरी कुठे रोज खाते?
म्हटलं, चला, नळामागे जाऊ.
सांडपाण्यावर अळू माजलं होतं, हत्तीच्या कानाएवढं.
पानावर पाणी टाकलं, थेंब पळाला,
थेंबामागे दुर्वेश, ओंजळ पुढे करून.
त्या दिवशी अ अळवाचा झाला
आणि अननस चौकटीत एकटाच राहिला.

मग थांबतंय कोण?
क कांद्याचा, काचेच्या ग्लासावर बसवलेला,
खाली पांढरी दाढी, वर हिरवी शेंडी.
लंकाबाई त्याला रोज पाणी पाजायच्या;
खिचडीला कांदा कमी पडला
तेव्हा दोनदा हात मागे घेतला त्यांनी.
म मुगाचा, ओल्या कापसात,
तिसऱ्या दिवशी टरफलाची टोपी घालून उभा.
चौथ्या दिवशी शिरीननं तो खाल्ला.
विचारलं तर म्हणाली, "म माझ्या पोटात गेला."
हजेरीत अशा नोंदीला रकाना नाही.

छाटणी लागली तशी पेठकडची माणसं आली,
बागांच्या कडेला निळ्या ताडपत्र्या चढल्या.
तेव्हा आला जिवला.
चार वर्षांचा असावा, आधारवर पाच.
महिनाभर एक शब्द नाही.
खडू नुसता धरून बसायचा,
भाजतोय असा.
पर्यवेक्षिका बाईंनी लिहिलं: प्रतिसाद नाही.

मी इकडे ळपाशी अडले होते.
कुठलंच झाड ळनं सुरू होत नाही.
तक्तेवाल्यानंही तिथे एक बाळ काढून
हात झटकलेत.
म्हटलं, ज्ञच्या जोडीनं यालाही
मोठ्या शाळेवर ढकलून देऊ.

त्या सकाळी जिवलानं मूठ उघडली.
आत द्राक्षवेलीचा सुकलेला धागा,
ज्यानं ती तारेला धरून असते तो,
आईच्या कात्रीखालून उचललेला.
एक गिरकी, जरा थांबून दुसरी, मग शेपूट.
मी तो पाटीवर ठेवला.
ळ.
कुणी शिकवलेला नाही.
वाऱ्यात चाचपडत, तार हाती लागेपर्यंत
वेलीनं स्वतः गिरवलेला.

मग आम्ही ळ शोधत निघालो.
फळात होता. मुळात होता.
केळीत, बाभळीत, जांभळात,
आणि अळवात तर पहिल्या दिवसापासून
पाणी झटकत बसलेला.
"तो पहिला उभा राहत नाही," मी म्हटलं,
"कुणाला तरी धरून येतो."
"जिवलासारखा?" ओवीनं विचारलं.
मी काही बोलणार, तेवढ्यात
खालच्या मानेनं, खडूला सांगावं तसं,
जिवला म्हणाला,
"वेळू."

एवढंच.
मी पुन्हा म्हणायला लावलं नाही.

आता ताडपत्र्या उठल्यात.
हजेरीत त्याच्यापुढे फुल्या.
तक्त्यावर बाळाच्या पोटावर
तो धागा खिचडीच्या शितानं चिकटवलाय,
त्याला मुंग्या लागतात.
नवी पोरं विचारतात, हे अक्षर कुणाचं?
शिरीन सांगते, वेलीचं.
आणि वर बोट नाचवून बजावते,
"हे खायचं नाही हं."