चाळीस दिवस मागे

विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं,
ओटीचे थेंब टाकले. पिवळं झालं.
पिवळं म्हणजे क्लोरीन आहे,
पिवळं म्हणजे ठीक.
कट्ट्यावरून जनाबाय घाडी म्हणाली,
"मगे माझ्या झिलाचे डोळे?"

गड नदीच्या काठची वाडी, अठ्ठावीस उंबरे.
कावीळ सहा जणांना, सहाही बाप्ये.
पाणी बायका ओढतात, पोरं ओंजळीने पितात,
त्यांच्यात एकाचेही डोळे पिवळे नाहीत.
फॉर्मवर रकाने: विहीर, नळ, बोअर, टँकर.
शेवटी "इतर", आणि पुढे इंचभर जागा.

त्या इंचातून मी मागे मोजत गेलो,
दत्तजयंती, देवदिवाळी, तुळशीचं लग्न,
भाऊबिजेची रात्र.
गरव्या भातात डुक्कर शिरलं होतं.
बंदूक कुणाची, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

व्हाळाच्या कडेला चूल मांडली.
मटण टोपात गेलं, दीड तास रटरटलं,
पण काळीज वेगळं काढलेलं,
निखाऱ्यावर, मीठ चोळून.
रघुवीर मेस्त्री सुरी पुसत म्हणाला,
"काळीज शिजवूचा नसता रे,
इस्तवाक नुसता दाखवूचा असता."
कापलं तेव्हा आतून गुलाबी होतं.
सात जण होतो आम्ही.

ते डुक्कर धडधाकट होतं.
ताप नाही, डोळ्यांत हळद नाही.
पिल्लू असताना आईमागून
ज्या चिखलात लोळलं,
त्यात दुसऱ्या कळपाची घाण होती.
नाकाने उकरलं, गिळलं,
पोटातून काळजात, तिथून परत चिखलात.
असं किती डुकरांमधून चालत आलं असेल ते,
कुणाचंच काही न बिघडवता.
मग आम्ही ते निखाऱ्याला नुसतं दाखवलं.

रघुवीरच्या गळ्यात आता काविळीची माळ आहे.
लांबत चाललीय, उतरतेय असं म्हणतात.
मी काढ म्हटलं नाही.
दारू मात्र बंद केली. त्याने शिव्या घातल्या,
त्या ऐकून घेतल्या.

त्याच्या सुनेला, प्रणिताला, सातवा लागलाय.
तिने रस्सा खाल्ला होता, टोपातला.
तरी रोज सकाळी खळ्यात उभी करून
पापणी खाली ओढून बघतो.
"आज काय दिसता?" ती हसून विचारते.
पांढरं, मी सांगतो. पांढरंच.
सायकलवर बसेपर्यंत माझे हात ओले असतात.

"इतर"समोर मी लिहिलं: काळीज, अर्धकच्चं.
तालुक्याहून फोन आला,
"काळीज म्हणजे काय? हृदय?
अहवालात कविता नको."
यकृत, म्हटलं. मटणाच्या दुकानात विचारा.

रक्ताच्या सात बाटल्या पाठवल्या होत्या.
सातवीवर नाव माझं.
काल कागद आला: होऊन गेलंय,
तुम्हाला कळलंही नसेल.
खरंच नाही कळलं. त्या दिवसांत
मी दारोदार नळ्या हलवत होतो,
तीन वेळा जेवत होतो,
त्या डुकराइतकाच धडधाकट.